झालरीचा ट्यूलिप बुटीबोरीत

ट्यूलिप म्हटलं की एका पिढीला ‘सिलसिला’ (१९८१) आठवतो. त्यातले ते रंगीत पट्टे नेदरलँड्समधल्या बागेतले. मग २००७ साली श्रीनगरची ट्यूलिप बाग खुली झाली, दिल्लीत फेब्रुवारीत शांतिपथाच्या कडेला ट्यूलिप दिसू लागले आणि आता कंद घरपोच मिळतात. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एमआयडीसीलगतच्या वसाहतींत ही हौस पोचली तर नवल नाही. त्यातही जीव जडतो तो पॅरट ट्यूलिपवर: कातरलेल्या, पिळवटलेल्या पाकळ्या आणि मध्येच हिरवी झाक. पण पाकिटावर ‘रोगप्रतिकारक’ असं छापलेलं असेल, तर पैसे देण्याआधी जरा थांबा.

पॅरट ही वेगळी प्रजाती नव्हे. साध्या ट्यूलिपमध्ये आपसूक झालेल्या जनुकीय बदलांतून या जाती निघाल्या. ‘क्लारा बट’मधून १९१० साली ‘फँटसी’ निघाला, काळपट जांभळा ‘ब्लॅक पॅरट’ १९३७ सालचा. बदललं ते पाकळीचं रूप; रोगाशी झुंजायची ताकद मूळ जातीत असेल तेवढीच. संत्र्याच्या पट्ट्यातल्या माणसाला हे चटकन कळेल. डिंक्या रोगाला तोंड देतो तो खुंट, म्हणून तर जंबेरीऐवजी रंगपूर लाइमवर कलम बांधतात. ट्यूलिपला खुंट बदलायची सोय नाही.

ट्यूलिपला रोग नवे नाहीत. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ज्या रंगीत फराट्यांच्या कंदांवर लोकांनी पैसा उधळला आणि १६३७ च्या फेब्रुवारीत ज्यांचा बाजार कोसळला, ते फराटे मुळात विषाणूची करामत. १९२८ मध्ये डोरोथी केली यांनी ते सिद्ध केलं. हा विषाणू मावा पसरवतो. त्याला सहसा दाद न देणारे ‘कँटाटा’ आणि ‘प्रिन्सेप्स’ आहेत, पण त्यांच्या पाकळ्या साध्या, बिनझालरीच्या.

बुटीबोरीत मात्र विषाणूच्या आधी उन्हाशी गाठ आहे. कंदातून धड फूल यायला बारा-चौदा आठवडे ९ अंशांखालची थंडी हवी. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता खरा, पण असली थंडी चार रात्रींची. म्हणून आधीच थंडी दिलेले कंद घ्यावेत, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावेत. शेजारी सफरचंद किंवा केळी नकोत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदातली कळी आतच मरते.

हाच वायू कुजका कंदही भरपूर सोडतो, आणि इथला खरा वैरी म्हणजे कंद कुजवणारी फ्युजेरियम बुरशीची बुडकूज. तिला उबदार माती मानवते. पाकीट उघडल्यावर आधी वास घ्या. आंबूस वास, हाताला हलका लागणारा कंद, अंगठ्याने दाबल्यावर मऊ पडणारं बूड, सालीखाली पांढरट-गुलाबी बुरशी, यातलं काही दिसलं तर तो कंद थेट कचऱ्यात. एक नासका अख्ख्या पाकिटाला पुरतो. सालीवरच्या निळसर भुरीने एवढं घाबरायचं कारण नाही. ती बहुधा वरवरचीच असते.

आपल्या काळ्या जमिनीत कंद लावूच नयेत, ती पाणी धरून बसते. भरपूर वाळू मिसळलेली कुंडी, सकाळचं ऊन, दुपारी सावली आणि डिसेंबरमध्ये लागवड. एक गोम अशी की पॅरट बहुतेक उशिरा फुलणारे, आणि फेब्रुवारी सरता सरता नागपूर तापायला लागतं. मग देठ खुजा राहतो, कळी उमलण्याआधीच वाळते. त्यातल्या त्यात ‘रोकोको’ लवकर फुलतो, मी तोच निवडेन. फुलं ओसरली की कंद टाकून द्यावेत. नागपुरी मे महिन्यातून ते पुढच्या हिवाळ्यासाठी वाचवायचा खटाटोप म्हणजे बुडकूज पोसणं.

वर्षानुवर्षं टिकणारा आणि रोगाला खरोखर तोंड देणारा कंदच हवा असेल, तर निशिगंध लावा. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘शृंगार’ ही एकेरी जात मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीला बऱ्यापैकी दाद देत नाही. शिवाय तिला फ्रिज लागत नाही.