महावीरांची पत

साठी उलटलेल्या बाईने दुपारी पोथी वाचावी, वाती वळाव्यात, फार तर शब्दकोडे सोडवावे, अशी आपल्याकडे एक सर्वमान्य समजूत आहे. यातले शब्दकोडे मी सोडवते. उरलेला वेळ मात्र आकाशात उडणाऱ्या, हातातून प्रकाश फेकणाऱ्या आणि मुखवटे घालून रात्रीबेरात्री गच्च्यांवरून धावणाऱ्या मंडळींच्या सहवासात घालवते. घरच्यांना हे आता सवयीचे झाले आहे. शेजारच्या वहिनी मात्र अजूनही, 'अहो, तुम्ही कादंबऱ्या लिहिता ना?' असे काळजीच्या सुरात विचारतात.

लिहिते म्हणूनच पाहते, हे त्यांना कसे सांगावे? शिवाय हा छंद म्हातारपणाचा नाही. आमच्या पिढीला त्याची दीक्षा इंद्रजाल कॉमिक्सने दिली. ती पुस्तके १९६४ साली सुरू झाली, मराठीतही निघत असत आणि १९९० मध्ये बंद पडली. वेताळाच्या कवटीच्या अंगठीचा ठसा खलनायकाच्या जबड्यावर उमटला, की आमचा शाळेतला दिवस सुखाचा जात असे. पुढे आमची मुले 'शक्तिमान'वर वाढली. १९९७ ते २००५ या काळात दूरदर्शनवर ती मालिका चालली आणि 'महाभारता'तले भीष्म, म्हणजे मुकेश खन्ना, लाल पोशाख चढवून गरगर फिरू लागले. एरवीचा त्यांचा गंगाधर हा वर्तमानपत्रातला भाबडा छायाचित्रकार होता. मला आवडायचा तो गंगाधरच. शक्तिमान काय, जिंकणारच होता. गंगाधराला मात्र नोकरी सांभाळायची होती!

गेल्या काही वर्षांतल्या परदेशी सुपरहिरो मालिका पाहताना हे सारखे आठवते. कारण त्यातले जे भाग माझ्या मनात घर करून राहिले, ते मारामारीचे नाहीत. जिथे त्या वीराची शक्ती काहीच कामाची नसते, असे ते भाग आहेत. आणि गंमत अशी, की त्यातले दोन चक्क बँकेत घडतात. आयुष्याची चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या बाईला याहून मोठी मेजवानी कोणती?

पहिला भाग आहे मार्च २०२१ मध्ये आलेल्या 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' या मालिकेचा, तोही अगदी पहिलाच. सॅम विल्सन हा पंखांचा पोशाख घालून उडणारा वीर. ॲव्हेंजर्स या जगप्रसिद्ध टोळीतला. त्याचे घर अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, पाण्याकाठच्या मासेमारी करणाऱ्या वस्तीत. आईवडील गेलेले. त्यांच्या नावाची जुनी बोट आणि धंदा बहीण सारा कशीबशी रेटते आहे. बोट विकावी असे ती म्हणते. सॅम म्हणतो, थांब, बँकेत जाऊ, मी सोबत येतो.

मंडळी, बँकेतला अधिकारी त्याला ओळखतो. अगदी हरखून जातो. त्याच्याबरोबर फोटो काढून घ्यायचा आग्रह धरतो. आणि कर्ज नाकारतो! कारण काय, तर गेल्या पाच वर्षांचे उत्पन्न दिसत नाही. कसे दिसणार? त्या कथेत विश्वातले निम्मे जीव पाच वर्षे नाहीसे झाले होते आणि सॅम त्या निम्म्यात होता. पण उत्पन्नाच्या रकान्यात 'या काळात मी अस्तित्वात नव्हतो' असे लिहिण्याची सोय जगातल्या कुठल्याही बँकेच्या अर्जात नाही.

माझी चौदा वर्षांची नात शेजारी बसली होती. ती उसळून म्हणाली, "आजी, त्याला कर्ज का नाही दिलं गं? तो तर जग वाचवतो!"

"जग वाचवल्याची पावती मिळत नाही ना," मी म्हणाले.

हे वाक्य माझे नव्हे. ते मी एका पैलवानाकडून शिकले. १९८८ च्या सुमारास मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत होते. एके दिवशी शाखेत एकदम हालचाल झाली. आमचा शिपाई धावत जाऊन कुणाच्या तरी पाया पडला, रोखपाल उठून उभा राहिला. पंचक्रोशीत नाव गाजवलेला मल्ल आला होता. वय उताराला लागलेले, कान कुस्तीने चुरगळलेले, आवाज मात्र लहान मुलासारखा मऊ. त्यांना दोन म्हशींसाठी कर्ज हवे होते. अर्ज भरताना वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यापाशी त्यांचे पेन थांबले. म्हणाले, "बाई, जत्रंत कुस्ती मारली की फेटा मिळतो, नारळ मिळतो. पावती कुठं मिळती?"

मी त्यांना नियम सांगितला. दोन जामीनदार आणा आणि दूध सोसायटीचे पत्र आणा, म्हणजे हप्ता दुधाच्या बिलातून परस्पर कापता येईल. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा दोनाच्या जागी अकरा माणसे बरोबर होती. एक शिक्षक, एक वीटभट्टीवाला, दोघे सोसायटीतले, बाकीचे त्यांच्या तालमीत घाम गाळून मोठे झालेले. कोणी सही करायची यावरून त्यांच्यात वाद झाला. कर्ज मुदतीच्या आधी फिटले, हे सांगायला नकोच.

आपल्या भाषेत 'पत' हा शब्द फार मोठा आहे. बाजारात उधार मिळते तीही पत आणि गावात मान मिळतो तीही पतच. दोन्ही अर्थ एकाच दोन अक्षरांत नांदतात, कारण एकेकाळी व्यवहारातही ते एकत्र नांदत होते. सॅम विल्सनला बँकेत पहिली पत मिळाली नाही. पण त्याच मालिकेच्या पाचव्या भागात काय होते पाहा. तो वस्तीतल्या लोकांना हाक मारतो. त्याच्या आईवडिलांनी ज्यांना ज्यांना अडीअडचणीला मदत केली होती, ते सगळे हत्यारे घेऊन बोट दुरुस्त करायला येतात. एरवी हाणामारीत रमणारा त्याचा पोलादी हाताचा मित्र बकीही कामाला लागतो. सबंध मालिकेत त्याहून देखणे दृश्य मला दिसले नाही. तिथे कोणी उडत नाही. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती अकरा माणसे उभी राहिली.

दुसरा बँकेतला भाग २०२५ च्या मार्चमधला. 'डेअरडेव्हिल : बॉर्न अगेन' मालिकेचा पाचवा. मॅट मर्डॉक हा अंध वकील. त्याचे कान इतके तीक्ष्ण, की समोरच्याच्या काळजाचे ठोके मोजून तो खरे-खोटे ओळखतो. चार्ली कॉक्स हा नट ही भूमिका करतो आणि त्याच्या न पाहणाऱ्या डोळ्यांवरून माझी नजर हलत नाही. तर हा मॅट आपल्या वकिली कचेरीसाठी कर्ज मागायला येतो. समोर बसलेला सहायक व्यवस्थापक कोण? युसुफ खान! म्हणजे आपले मोहन कपूर. नव्वदच्या दशकात झी टीव्हीवर 'साँप सीढी' खेळवणारे.

आणि काय सांगू, त्यांनी ती खुर्ची काय भूषवली आहे! कर्ज नाकारायचे आहे, पण माणसाला दुखवायचे नाही. समोरच्याच्या डोळ्यांत पाहता येत नाही, कारण तो अंध आहे, आणि तरीही संकोच लपत नाही. हा संकोच नटाला कुठे सापडला कोण जाणे. प्रत्येक बँकेत अशी एक खुर्ची असते. तिच्यावर बसणाऱ्याला घरी गेल्यावर जेवण गोड लागत नाही. लेखकाने युसुफला खलनायक केलेले नाही, विनोदी पात्रही केलेले नाही. नियम त्याचे नाहीत, सही तेवढी त्याची आहे.

मग दरोडा पडतो. मॅट बाहेर पडलेला असतो, चाहूल लागताच तो मागे फिरतो. या भागात तो डेअरडेव्हिलचा पोशाख चढवत नाही. साध्या कोटातला, काठी घेतलेला वकीलच सारे निभावतो. ज्या बँकेने आत्ताच नकार दिला तिचेच धन आणि तिचीच माणसे तो वाचवतो. पुढच्या भागात पुन्हा मुखवटा, पुन्हा गच्च्या. मला विचाराल तर त्या नऊ भागांत हा पाचवा भाग सर्वांत सुटसुटीत आहे. एक जागा, एक दिवस, एक पेच. आमच्या एकांकिका स्पर्धांत अशाच गोष्टीला बक्षीस मिळते.

हा युसुफ खान मूळचा २०२२ मधल्या 'मिस मार्व्हल' मालिकेतला. न्यू जर्सीत राहणाऱ्या पाकिस्तानी कुटुंबातली कमला ही शाळकरी मुलगी तिथली नायिका, आणि युसुफ तिचा बाप. सुपरहिरोंच्या मेळाव्याला लेकीने एकटीने जाऊ नये म्हणून हा स्वतः हिरवागार हल्क बनून तिच्यासोबत यायला निघतो. मुलीला मेल्याहून मेल्यासारखे होते. हे दृश्य पाहून आमच्या घरातले बापलोक गप्प झाले. शेवटच्या भागात तो तिला तिच्या नावाचा अर्थ सांगतो. 'कमाल'शी नाते सांगणारे नाव. हा शब्द आपल्याही बोलण्यात रोज येतो, म्हणून तो प्रसंग उपऱ्यासारखा वाटत नाही.

त्याच मालिकेच्या पाचव्या भागात कमला १९४७ सालच्या फाळणीच्या रात्री एका रेल्वे फलाटावर पोहोचते. चेंगराचेंगरी, आक्रोश, सुटू घातलेली गाडी आणि बापाचा हात सुटलेली एक चिमुरडी. कमला आपल्या शक्तीने काय करते? शत्रू मारत नाही, गाडी उचलत नाही. त्या पोरीला बापापर्यंत पोहोचवते. बस. ती चिमुरडी म्हणजे पुढे तिची आजी होणार असते. फाळणी हा आपल्या उपखंडाचा विषय, तो अमेरिकन सुपरहिरो मालिकेने इतक्या अदबीने हाताळावा याचे मला नवल वाटले. तो भाग शर्मीन ओबेद-चिनॉय या पाकिस्तानी दिग्दर्शिकेने केला आहे. भोगलेल्याच्या घरातून आलेली गोष्ट वेगळी कळते.

कचेरीत आयुष्य गेलेल्यांनी 'लोकी' चुकवू नये. २०२१ आणि २०२३ मध्ये तिचे सहा-सहा भाग आले. काळाचा हिशेब ठेवणारे एक अवाढव्य कार्यालय. तपकिरी भिंती, फायलींचे ढीग. देव म्हणवणारा लोकी तिथे पकडून आणला जातो, तेव्हा त्याला आधी रांगेतला टोकन क्रमांक घ्यावा लागतो. ज्या रत्नांसाठी सिनेमांतून महायुद्धे झाली, ती तिथल्या कारकुनाच्या खणात पडलेली असतात आणि लोक ती कागदांवर वजन म्हणून ठेवतात! मी हसून हसून बेजार झाले. मुख्यालयात गेले, की आमच्या शाखेच्या जीवनमरणाच्या प्रश्नांचीही नेमकी हीच किंमत होत असे. मात्र शेवट हसवत नाही. सिंहासनासाठी जन्मभर तडफडलेला लोकी अखेर सिंहासनावर बसतो, पण सगळ्या काळांचे धागे हातांत धरून, एकटा, कायमचा. विटेवर तिष्ठत राहिलेला देव ठाऊक असलेल्या आपल्या लोकांना ते चित्र लगेच कळेल.

सगळेच चांगले आहे असे मात्र नाही. २०२३ मधली 'सीक्रेट इन्व्हेजन' इतकी रटाळ, की शेवटच्या भागापर्यंत माझे विणकाम पूर्ण झाले. 'वांडाव्हिजन'मध्ये शोकाने वेड्या झालेल्या बाईची विलक्षण गोष्ट नऊपैकी आठ भाग सांगितली आणि नवव्यात दोन बायकांना हवेत तरंगत ठेवून एकमेकींवर रंगीत झोत सोडायला लावले. दुःखाचा निकाल असा लागतो का? आणि 'द बॉइज' लहान मुलांसोबत पाहण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. सुपरहिरोंवरची ती जळजळीत टीका आहे, पण रक्तपात आणि किळस अतोनात.

एक विचार मात्र मनातून जात नाही. सॅमच्या आणि मॅटच्या समोर नकार द्यायला निदान माणूस बसला होता. आज आपल्याकडे ३०० ते ९०० मधला एक आकडा पत ठरवतो. त्या आकड्याचे फायदे मी नाकारत नाही. ओळखीपाळखीने होणारी कर्जे आणि जातपात बघून होणारे नकार मी फार जवळून पाहिले आहेत, आकडा निदान आडनाव विचारत नाही. पण त्या आकड्याला फेटा दिसत नाही, नारळ दिसत नाही. मोटरसायकलवरून घरोघरी जेवण पोहोचवणारा मुलगा, कार्यक्रम मिळेल तसे गाणारी मुलगी, दुसऱ्याच्या घरी म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी बाई, यांच्या मेहनतीची धड पावती कुठे असते? दोन जामीनदार कुठून आणू, असे विचारणारी माणसे शहरात वाढली आहेत, कारण सही करू शकतील अशी अकरा माणसे त्यांच्या आयुष्यात उरलेली नाहीत. ही उणीव बँकेची नाही, आपली आहे.

नातीला मी हे असे सांगितले नाही. तिला फक्त विचारले, "तुझ्यासाठी सही करायला किती जण येतील गं?" तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. सातव्या बोटाशी अडली आणि मग मलाच विचारू लागली, "आणि मी किती जणांसाठी जाईन?"

तुमच्या घरातली मुले असली मालिका लावून बसली, तर रिमोट हिसकावू नका. शेजारी जाऊन बसा. मारामारी चालू असताना खुशाल शेंगा सोला. ती थांबली आणि कुणी कुणापाशी काही मागायला गेले, की वर पाहा.