बेगमीची थंड कोठी

वैशाखाच्या उन्हात पापड-कुरडया वाळवायच्या, तिखट-मसाले कुटायचे, डाळी-कडधान्यं भरून ठेवायची, की पावसाळ्याची बेगमी झाली. केंब्रिजमध्ये वाळवणाला भरवशाचं ऊन नाही. इथली बेगमी करायची ती हिवाळ्यासाठी, आणि तिची कोठी म्हणजे फ्रीजर. मात्र पुष्कळ घरांत या कोठीत तळाशी ओळख न पटणाऱ्या बर्फाळ पिशव्या सापडतात आणि शेवटी कचऱ्यात जातात. ते टाळायचं, तर गोठवण्यामागचं थोडं शास्त्र माहीत हवं.

या शास्त्राशी आपल्या गावाचं जुनं नातं आहे. पहिल्या महायुद्धात अन्नाची टंचाई जाणवू लागली, तेव्हा १९१७ मध्ये सरकारने अन्नसंशोधन मंडळ नेमलं. विल्यम हार्डी त्याचे संचालक होते. पुढे १९२२ मध्ये केंब्रिजच्या डाउनिंग स्ट्रीटजवळ 'लो टेम्परेचर रिसर्च स्टेशन' सुरू झालं. फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी सफरचंदांवर काम करून दाखवलं, की झाडावरून उतरवलेलं फळही श्वास घेत असतं. तो श्वास मंदावला, की फळ जास्त दिवस टिकतं.

आपली मेथीची जुडीही तशीच जिवंत असते. भाजीतली एन्झाइम्स फ्रीजरमध्येही सावकाश काम करत राहतात, म्हणून दोन महिन्यांनी रंग आणि चव उतरते. उपाय सोपा: उकळत्या पाण्यात मटार दीड-दोन मिनिटं, मेथी-पालक मिनिट-दोन मिनिटं, श्रावणघेवडा तीन मिनिटं. लगेच बर्फाच्या पाण्यात टाकून निथळायचं आणि फडक्यावर कोरडं करायचं.

दुसरी गोष्ट पाण्याची. सावकाश गोठलं तर बर्फाचे मोठे, टोकदार स्फटिक होतात, पेशी फुटतात आणि भाजी लिबलिबीत होते. म्हणून मोठा गोळा न करता पिशवी चपटी भरा, हवा काढून टाका आणि एका वेळी थोडंच ठेवा. काकडी किंवा रश्श्यातला बटाटा मात्र कसाही गोठवला तरी बिघडतोच.

आपल्या स्वयंपाकातलं बरंच काही छान टिकतं. खवलेला नारळ, कढीपत्ता, आलं-लसणाचं वाटण, मोड आलेली मटकी, पुरण, हापूसचा रस. कोथिंबीर चिरून, थोडं पाणी घालून बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवली, तर आमटीला उपयोगी पडते. वरून पेरायला नाही. दिवाळीत चिवडा-चकलीला डबा पुरतो, पण ओल्या नारळाच्या करंज्यांचं सारण आधी करून गोठवून ठेवलं, तर ऐन सणात एक काम कमी होतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. उणे १८ अंशांवर जंतू वाढत नाहीत. पण मरतही नाहीत. अन्न वितळू लागलं, की ते पुन्हा जागे होतात. म्हणून पदार्थ ओट्यावर रात्रभर न ठेवता फ्रीजमध्ये वितळवा, २४ तासांत संपवा आणि चांगला वाफाळेपर्यंत गरम करा. वितळलेला कच्चा जिन्नस पुन्हा गोठवू नका. भाताच्या बाबतीत विशेष जपा. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला तर ते विष तयार करतात. मग पुन्हा गरम करून ते विष जात नाही. घरी पंगत उठली, की उरलेला भात ताटात पसरून शक्यतो तासाभरात गार करा आणि फ्रीजमध्ये किंवा फ्रीजरमध्ये ठेवा.

शेवटी चिठ्ठी. पिशवीवर जिन्नस, तारीख आणि पुढची कृती लिहा, तीही मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. युनिव्हर्सिटीत राहणाऱ्या मुलाला आई आमटीच्या पिशव्या बांधून देते, तेव्हा 'कटाची आमटी, १२ ऑक्टोबर, थोडं पाणी घालून उकळ' एवढ्या ओळीने त्याचं जेवण होतं. चिठ्ठी नसेल, तर तीच पिशवी वर्षभर पडून राहते. तीन महिन्यांत संपेल एवढंच भरा, आणि आधी ठेवलेलं आधी काढा. कोठी रिकामी होत राहिली, तरच बेगमी कामी आली म्हणायचं.