मे महिन्यातील बर्फाची वाट

मे महिन्यात चिकलठाणा वेधशाळेत पारा चाळिशी ओलांडतो. त्याच दिवसांत हिमाचल प्रदेशातील सार पास या खिंडीत बर्फ तुडवत चालावे लागते. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनसारख्या संस्थांच्या शिबिरांमुळे महाराष्ट्रातील विद्यार्थी सुटीत तिकडे जातात. आपल्या कामगार वसाहतीतील मुलामुलींनीही अवश्य जावे. मात्र तेथील बर्फ कसा असतो, हे मुलांनी आणि आईवडिलांनीही आधी समजून घेतले पाहिजे.

साधा हिशेब करू. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच, सार पास सुमारे ४,२०० मीटर. दर हजार मीटर वर गेले की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे नुसत्या उंचीमुळेच सुमारे २३ अंशांचा फरक पडतो. शिवाय तो प्रदेश उत्तरेकडचा. म्हणून हिवाळ्यात साचलेला बर्फ सावलीच्या उतारांवर उन्हाळ्यातही टिकून राहतो. हवा बिघडली तर मे-जूनमध्येही नवा बर्फ पडतो.

हा बर्फ दिवसभर सारखा नसतो. रात्री तो गोठून दगडासारखा होतो. पहाटे त्यावर पाय रुतत नाही, पण घसरतो. दुपारी उन्हाने तो मऊ होतो व पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. खालून ओढा वाहत असेल तर बर्फ आतून पोकळ झालेला असतो आणि तो खचू शकतो. दुपारनंतर वादळाची भीतीही वाढते. म्हणूनच जाणते वाटाडे पहाटेच्या अंधारात निघून दुपारच्या आत खिंड पार करतात. त्यांची पावले पडली तेथेच आपली टाकावीत.

जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्त्रताल वाटेवर २२ जणांचा गट हिमवादळात सापडला. त्यातील ९ जण दगावले. पर्यटन हंगामातच हे घडले, हे लक्षात ठेवावे.

तयारीत काय हवे? सुती कपडा भिजला की वाळत नाही व अंग गार पडते. म्हणून लोकरीचे कपडे आणि वरून रेनकोट हवा. गुळगुळीत तळाचे कॅनव्हासचे बूट चालत नाहीत. खोल खाचांचा तळ हवा आणि बुटाला बांधायचे लोखंडी काटे मिळतील का, हे आयोजकांना विचारावे. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे दुखावतात, त्यासाठी काळा चष्मा लागतो. फी भरण्यापूर्वी वाटाडे स्थानिक आहेत का, दोर व औषधे सोबत असतात का आणि हवा बिघडल्यास गट माघारी आणतात का, हे तिन्ही प्रश्न विचारावेत.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ओव्हरटाइम करून, भिशी उचलून फी भरलेली असते. मग "एवढे पैसे भरले, पूर्ण करूनच ये" असे घरातून सांगितले जाते. असे सांगू नये. आपल्याच शहरातील मनीषा वाघमारे २०१७ मध्ये एव्हरेस्टचे शिखर जवळ आले असताना खराब हवामानामुळे माघारी फिरल्या आणि २०१८ च्या मे महिन्यात त्यांनी ते सर केले. मुलाला निरोप देताना आईवडिलांनी एवढेच सांगावे, "वाटाड्याने परत फिर म्हटले, की फिर. आम्ही पैशाचे विचारणार नाही."