जंजिऱ्यावरील राजवाडा

चामटोलीहून निघून आम्हीं विद्यार्थ्यांसह मुरूडजवळील राजपुरी बंदर गाठिलें व शिडाच्या होडींतून जंजिरा पाहावयास निघालों. अरबी भाषेंत जझीरा म्हणजे बेट. त्यावरून हें नांव पडलें. होडी तटाजवळ येईपर्यंत दरवाजा दिसेना. दोन बुरुजांच्या आड तो मुद्दाम दडविलेला आहे.

आंत सिद्दी सुरूलखानाचा वाडा आहे. "भोंवतीं खारें पाणी, मग येथें लोक राहिले कसे?" असें एका मुलानें विचारिलें. उत्तर समोरच होतें: गोड्या पाण्याचे दोन विस्तीर्ण तलाव. तट, तोफा व हें पाणी यांच्या बळावर किल्ला अजिंक्य राहिला.

१६८२ सालीं संभाजी महाराजांनीं राजपुरीकडून समुद्रांत सेतु घालावयास आरंभ केला. परंतु मोगल फौज कल्याण प्रांतांत, म्हणजे आमच्याच मुलुखांत, उतरल्यामुळें त्यांस परतावें लागलें. हें ऐकतांच मुलें स्तब्ध झालीं; दूरचा इतिहास त्यांस घरचा वाटूं लागला.

१९४८ सालीं जंजिरा संस्थान भारतांत विलीन झालें. आज वाड्यास छप्पर नाहीं, भिंतींतून झाडें उगवलीं आहेत. जें शत्रूंस साधलें नाहीं, तें ऊन, पाऊस व मनुष्याची उपेक्षा यांनीं साधिलें. प्राचीन वास्तु राखणें हें आपलेंही कर्तव्य होय, हा बोध घेऊन आम्ही परतलों.