तांबीची मुदत संपली, पण बाई म्हणते "नको काढू"

गटाच्या बैठकीत हिशोब मिटला की बायका मनातलं बोलतात. त्यात हे वाक्य आम्ही बऱ्याचदा ऐकतो: "सिस्टर म्हणतात तांबी काढा. पण मला काही त्रास नाही, मग कशाला काढू?"

आधी मुदतीचं समजून घेऊ. सरकारी दवाखान्यात बसवतात त्यातली ३८० ए ही तांबी १० वर्षं चालते, ३७५ ही ५ वर्षं. पुढे तिचा भरवसा धरता येत नाही. तांबी आत असताना दिवस राहिले तर गर्भपाताचा आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पाळी कायमची गेली तरी वर्षभराने तांबी काढून घ्यायची असते. त्रास नाही म्हणून मुदत वाढत नाही.

मग सिस्टरांनी काय करावं? रागावून उपयोग नाही, आणि बाईच्या होकाराशिवाय तांबी काढता येत नाही. शरीर तिचं, निर्णयही तिचा. म्हणून आधी विचारायचं, "भीती कशाची वाटते?"

"दुखेल का?" चिमट्याने दोरा धरून हळूच ओढतात. ओटीपोटात थोडी कळ येते, काही मिनिटांत काम होतं. दोरा दिसला नाही तर मोठ्या दवाखान्यात पाठवतात.

"दिवस राहतील का?" काढल्यावर लगेच राहू शकतात. पण तपासणीत सगळं ठीक असेल तर त्याच वेळी नवी बसवता येते.

"लाज वाटते." मग पडदा ओढायचा, सोबतीला मैत्रीण आत येऊ द्यायची.

एवढं सांगूनही ती नको म्हणाली, तर धोका समजावून नकार कागदावर लिहायचा, डॉक्टरांना कळवायचं आणि पुन्हा यायची तारीख द्यायची. मुदत संपली असेल तर तोवर निरोध वापरायला सांगायचं. पाळी चुकली, ताप आला, ओटीपोटात दुखलं किंवा अंगावरून घाण वासाचं जायला लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणि मैत्रिणींनो, आपलंही काम आहे. नको म्हणणारीला चारचौघीत टोचून बोलू नका, तिच्यासोबत दवाखान्यात जा. आज घरी गेल्यावर तांबीचं कार्ड शोधा, तारीख बघा. कार्ड हरवलं असेल तर आशाताईंना विचारा.