अंतराळातलं खरं शस्त्र कोणतं?

कळमन्याच्या आमच्या बचत गटांच्या वतीने आज आम्ही वेगळा विषय घेतला आहे. कर्ज, व्याज, हप्ते पुढच्या वेळी. आज बोलू या अंतराळातल्या लढायांबद्दल. घरोघरी पोरं त्या टीव्हीवर, मोबाइलवर बघतात. यानामागे यान लागतं, लाल-हिरवे किरण सुटतात, धडाम आवाज होतो, आगीचा लोळ उठतो. त्यातलं खरं किती, खोटं किती?

हा प्रश्न आपल्या कामाचा आहे. २ एप्रिल २०२२ आठवा. गुढीपाडव्याची संध्याकाळ होती. विदर्भाच्या आकाशातून जळत्या रेषा सरकत गेल्या. कुणी म्हणालं विमान पडलं, कुणी म्हणालं उल्का, कुणी म्हणालं क्षेपणास्त्र. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं येऊन पडलं. आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. अंतराळातल्या वस्तूंची नोंद ठेवणारे अभ्यासक जोनाथन मॅकडॉवेल यांनी हे चिनी रॉकेटचे अवशेष असावेत असं सांगितलं. म्हणजे अंतराळातली वस्तू आपल्या शेतापर्यंत येऊ शकते. म्हणून तिचे नियम माहीत हवेत.

आधी सिनेमातलं खोटं बघू. आवाज हवेतून किंवा दुसऱ्या कशातून तरी प्रवास करतो. अंतराळात हवाच नाही, तर शेजारचं यान फुटलं तरी धडाम ऐकू येणार नाही. किरणांचंही तसंच. कळमना मार्केटच्या शेडमध्ये पत्र्याच्या भोकातून येणारी उन्हाची तिरीप आपल्याला दिसते, कारण हवेत मिरचीची, धान्याची धूळ असते. धूळ नसेल तर तिरीप दिसत नाही, फक्त जमिनीवरचा ठिपका दिसतो. अंतराळात लेझर सोडला तर तो असाच, वाटेत न दिसता जाईल.

तिसरी गोष्ट वळण्याची. पोती लादलेला हातठेला ढकलणं थांबवलं की जमिनीच्या घर्षणाने थोड्या वेळात थांबतो. अंतराळात थांबवणारं काही नाही. इंजिन बंद केलं तरी यान त्याच वेगाने पुढे जात राहतं. वळायचं तर दुसऱ्या दिशेने इंजिन पेटवावं लागतं, आणि इंधन मोजकंच असतं. विमानासारख्या गिरक्या तिथे परवडत नाहीत.

बंदूक मात्र तिथेही चालते. दारूला जळायला लागणारा ऑक्सिजन दारूतच मिसळलेला असतो. सोव्हिएत रशियाने सॅल्यूत-३ या अंतराळ स्थानकावर खरोखर तोफ बसवली होती आणि १९७५ मध्ये, आत माणूस नसताना, ती उडवून बघितली. नेम धरायला अख्खं स्थानक फिरवावं लागे. गोळी पुढे गेली की स्थानकाला मागे धक्का बसे, तो वेगळा.

मग तिथलं सगळ्यात मोठं शस्त्र कोणतं? वेग. पृथ्वीजवळून फिरणारा उपग्रह सेकंदाला जवळजवळ ८ किलोमीटर जातो. आपल्याला नागपूरहून मुंबईला जायला गाडीत रात्र काढावी लागते, तो ते अंतर दोन मिनिटांच्या आत कापतो. या वेगाने येणारं साधं एक किलोचं वजन आदळलं, तर सुमारे सात किलो टीएनटी स्फोटकाएवढी ऊर्जा बाहेर पडते. वेग दुप्पट झाला तर मार चौपट होतो.

याचा पुरावा आपल्याच विदर्भात आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर हे अशनी आदळून झालेलं विवर आहे. रुंदी सुमारे पावणेदोन किलोमीटर, आणि तेही कठीण काळ्या पाषाणात. त्या दगडात दारूगोळा नव्हता, फक्त वेग होता.

हे सारं मराठीत गोष्टींतून सांगितलं ते डॉ. जयंत नारळीकर यांनी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती मंगलाताईंनी, म्हणजे त्यांच्या गणितज्ञ पत्नीने, लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं. त्यांच्या ‘धूमकेतू’ कथेत पृथ्वीकडे येणाऱ्या धूमकेतूला अण्वस्त्राच्या स्फोटाने वाटेवरून सरकवतात, आणि इकडे धूमकेतू शोधणाऱ्याच्याच घरी अरिष्ट टळावं म्हणून यज्ञ चाललेला असतो. शस्त्र तिथे मारण्यासाठी नाही, वाचवण्यासाठी वापरलं आहे.

पुढे तसा प्रयोगही झाला, तोही स्फोटकांशिवाय. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाने सुमारे पावणेसहाशे किलोचं ‘डार्ट’ यान डायमॉर्फस नावाच्या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. वेग होता सेकंदाला सहा किलोमीटरच्या वर. मोठ्या जोडीदाराभोवती त्याची एक फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती, ती सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली.

पण वेगाचं शस्त्र वापरलं की कचरा उरतो. २००७ मध्ये चीनने स्वतःचा उपग्रह फोडला, त्याचे हजारो तुकडे झाले आणि त्यातले कितीतरी अजून फिरत आहेत. भारताने २७ मार्च २०१९ ला ‘मिशन शक्ती’मध्ये सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पाडला. तुकडे लवकर खाली येऊन जळावेत म्हणून कमी उंची निवडली होती, तरी काही तुकडे उंच फेकले गेले आणि कित्येक महिने फिरत राहिले. सिनेमात यान फुटलं की गोष्ट संपते. खरी अडचण तिथून पुढे सुरू होते.

तर मैत्रिणींनो, पोरांना सिनेमा बघू द्या. फक्त त्यांना विचारा: आवाज आला कसा? किरण दिसला कसा? फुटलेले तुकडे गेले कुठे? मोबाइलवर आकाशातल्या हल्ल्याची चित्रफीत आली, तर पुढे पाठवण्याआधी हेच प्रश्न स्वतःलाही विचारा. आणि शेतात, अंगणात अनोळखी धातूचा तुकडा पडलेला दिसला तर हात लावू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. त्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोलीस ठाण्यात किंवा तहसील कार्यालयात कळवा.