खेळातल्या खानदेशाला नगारा कोण देणार?

जळगावच्या फुले मार्केटमध्ये आम्ही कापडाचा धंदा करतो. बँडवाल्यांच्या वर्दीचे कापड हा आमच्या दुकानाचा जुना माल. लाल साटन, सोनेरी झालर, खांद्यावरचे गोंडे. धुळ्याचे एक बँडमालक लग्नसराईच्या तोंडावर वीस-वीस वर्द्यांचे कापड नेत. गेल्या हंगामात त्यांनी सहाच वर्द्यांचे नेले. म्हणाले, "सेठ, सुपाऱ्या डीजेवाल्यांकडे जातात. माझ्याकडे वाजवणारे आहेत, वरात नाही."

त्याच आठवड्यात आमच्या भाच्याने आम्हाला संगणकासमोर बसवले. "मामू, हा बघा आपला खानदेश." पडद्यावर जगाचा नकाशा होता आणि तापीच्या काठी खरोखरच खानदेशचे राज्य होते. खेळाचे नाव 'युरोपा युनिव्हर्सालिस ४'. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीने तो २०१३ साली बाजारात आणला. खेळ १४४४ सालापासून सुरू होतो. त्या वेळी येथे फारुकी घराण्याचे राज्य होते. खेळणाऱ्याने खजिना, फौज, व्यापार, तह सारे सांभाळायचे. असा एक डाव तासन् तास चालतो.

भाचा नकाशा दाखवत होता, आम्ही मात्र ऐकत होतो. समोर खानदेश आणि कानावर युरोपी वाद्यवृंद. संगीत चांगले होते, पण आपल्या मुलखाचे नव्हते. भाच्याने सांगितले की या खेळात खेळणाऱ्याला स्वतःच्या धुना घालता येतात आणि कंपनीही संगीताचे संच वेगळी किंमत घेऊन विकते. हे ऐकताच आमच्यातला व्यापारी जागा झाला. ज्याला वेगळा भाव आहे, तो माल आहे. मग हा माल आपले कारीगर का देऊ शकत नाहीत?

कोणते वाद्य शोभते

भारत दाखवायचा की सतार वाजवायची, अशी सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. पण सतार अठराव्या शतकात घडली. १४४४ च्या फौजेत ती कुठून येणार?

फारुकींचे राज्य १३८२ पासून १६०१ पर्यंत चालले. अकबराने असीरगड घेतला तेव्हा ते संपले. शिरपूर तालुक्यात थाळनेरला त्यांच्या कबरी आजही उभ्या आहेत. त्या काळच्या दरबाराचा आवाज कसा असेल, याचा अंदाज अबुल फजलच्या 'आईने अकबरी'वरून येतो. त्यात बादशाही नक्कारखान्याची यादीच आहे. दमामा, नक्कारा, दुहुल, करना, सुरना, नफीर, सिंग आणि झांज. हे शब्द आम्ही उर्दू शाळेत गोष्टींमधून ऐकले होते. मराठी मुलखात त्याच कुळातला नगारखाना आणि चौघडा आहे. रायगडावर नगारखान्याची इमारत आजही पाहायला मिळते. सनई, नगारा, तुतारी आणि झांज वाजवणारे हात आपल्या गल्लीत आहेत.

कापडासारखेच काम

खेळाचे संगीत सुधारणे हे आम्हाला छपाईच्या कापडासारखे वाटले. ठशाला ठसा जुळला नाही तर जोड दिसतो आणि गिऱ्हाईक थान परत करते. इथेही धुनेचा शेवट तिच्या सुरुवातीला बेमालूम मिळावा लागतो, कारण तीच धून पुन्हा पुन्हा वाजणार असते. फार भडक ठेका अर्ध्या तासात डोके उठवतो.

दुसरी गोष्ट ताण्याबाण्याची. शांततेच्या काळात सनई संथ चालावी. लढाई सुरू होताच त्याच सुरात, त्याच लयीत नगारा वर चढावा आणि तह झाला की उतरावा. म्हणून प्रत्येक वाद्य वेगळे ध्वनिमुद्रित करावे लागते. सगळे एकत्र वाजवून दिले तर नंतर त्यातून नगारा काढता येत नाही.

२०१६ च्या 'सिव्हिलायझेशन ६' या खेळात प्रत्येक राज्याची एकच धून प्राचीन काळापासून अणुयुगापर्यंत चार पोशाखांत येते. भारतासाठी 'वैष्णव जन तो'ची चाल घेतली आहे. त्याच मालिकेतल्या २००५ च्या चौथ्या खेळासाठी ख्रिस्तोफर टिन यांनी स्वाहिली भाषेत 'बाबा येतू' हे गीत बांधले. २०११ साली त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. खेळाच्या संगीताला मिळालेला तो पहिला ग्रॅमी. आफ्रिकेची भाषा तिथवर जाते, तर आपली सनई का जाऊ नये?

बिदागी की हक्क

आता कडू गोष्ट. धुळ्याच्या त्याच बँडमधल्या सनईवाल्यांना दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात ध्वनिमुद्रणासाठी बोलावले होते. दिवसभर एकेक सूर वाजवून घेतला. हळू, जोरात, लांब, तोकडा. असे सुटे सूर साठवले की दूर बसलेला संगीतकार पेटीसारख्या पट्ट्या दाबून त्यांतून हवी ती धून काढतो. हा रेडिमेडचा धंदा आहे. आमच्या सनईवाल्यांना एका वरातीपेक्षा कमी बिदागी मिळाली. इंग्रजी कागदावर त्यांनी न वाचता सही केली. आता ते सूर कोणाला विकले जातात, याचा त्यांना पत्ता नाही. थान विकतो आहोत असे समजून त्यांनी माग विकला.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. वाजवणाऱ्याच्या कलेचा व्यापारी वापर झाला तर रॉयल्टी मागण्याचा हक्क त्यात आहे. पण हक्क कागदावर उतरला तरच वसुली सोपी. म्हणून कारीगर बंधूंनी एवढे करावे. वाजवण्यापूर्वी विचारावे की हा आवाज एका खेळासाठी आहे की सुटा विकण्यासाठी. दोन्हींचा भाव वेगळा लावावा. कागद मराठीत किंवा उर्दूत समजून घेतल्याशिवाय सही करू नये. आपले नाव छापले जाईल असे लिहून घ्यावे आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.

हुनर वेळ पाहून वाट बदलते. मिरजेच्या शिकलगारांचे काम हत्यारांचे होते. एकोणिसाव्या शतकात ते सतार आणि तानपुऱ्याकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

आम्हीही एक छोटा प्रयत्न केला. आमच्या गोदामात कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले आहेत, त्यामुळे तेथे आवाज घुमत नाही. एका रविवारी पारोळा-एरंडोल मार्गे धुळ्याची मंडळी आली. सनईवाले होते आणि सत्तरीचे नगारावाले चाचा. भाच्याने दोघांचे वेगवेगळे ध्वनिमुद्रण केले आणि रात्री ते खेळात घातले. खानदेशच्या फौजेबरोबर नगारा वाजू लागला तेव्हा चाचांनी खुर्ची पुढे ओढली.

अजून गिऱ्हाईक मिळालेले नाही. पण माल तयार आहे, त्याची प्रत आमच्याजवळ आहे आणि मालक कोण ते कागदावर लिहिले आहे. ज्यांच्याकडे रिकामे गोदाम आणि संगणक जाणणारा मुलगा आहे, त्यांनी आपल्या गावच्या वाजवणाऱ्यांना एकदा बोलावून पाहावे.